दादाची शीळ

विमानं बघायला येणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत. ऐकायला येणारी तर त्याहून नाहीत. बघणारा निदान दोरीच्या पलीकडे उभा राहतो, चार फोटो काढतो आणि घरी जातो. ऐकणारा जात नाही. तो डोळे मिटतो, मान तिरकी करतो आणि मी दोन हिवाळे खपून जुळवलेल्या इंजिनाबद्दल मलाच सांगतो, "ताई, खालचं एक सिलिंडर जरा खोकतंय बघा." खोकत नसतं. अशा वेळी हातातला पाना खाली ठेवलेला बरा असतो.

मी इंजिन मेकॅनिक आहे. जुनी लढाऊ विमानं, त्यांची इंजिनं, बस्स. आमच्या शेडमध्ये अशी चार विमानं आहेत आणि चारहींचा मालक एकच. मालक आयुष्यभर दातांचे डॉक्टर होते. दिवसभर स्वतःच्याच यंत्राची किर्रर्र ऐकून कान किटले म्हणून की काय, दवाखाना बंद केल्यावर ते आवाज गोळा करायला लागले. तेही विमानांचे. आम्ही पाठीमागे त्यांना कानसेन म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

कानसेनांच्या प्रदर्शनाची तऱ्हा जगावेगळी. खुर्च्या धावपट्टीकडे पाठ करून मांडायच्या. मंडळी येणार, बसणार, समोरच्या कुंपणाकडे तोंड करून. मागे विमान सुरू होतं, धावतं, उडतं, डोक्यावरून जातं, पण वळायचं नाही आणि मान वर करायची नाही. आधी ऐकायचं, कोणतं ते ओळखायचं, भांडायचं, आणि कानसेनांनी घंटा वाजवली की मगच वळायचं. आधी वळणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावणं जात नाही. सुरुवातीला मला वाटलं होतं की ही माणसं वेडी असावीत. आता शंका उरलेली नाही.

पण खोटं कशाला बोलू, आवाज ओळखता येतात. ज्या इंजिनात सिलिंडर एकामागे एक रांगेत असतात त्याचा आवाज सलग, ताणलेला. जाड कापड एका दमात फाडत न्यावं तसा. शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान नुसतं टरटरतं, बोलघेवड्या माणसासारखं. दोन इंजिनांच्या बॉम्बफेक्याची दोन्ही इंजिनं कधीच पुरती जुळत नाहीत, म्हणून त्याचा आवाज घूं... घूं... असा चढउतार करत येतो आणि छातीत आधी कळतो, कानात नंतर. आणि गोल इंजिन, म्हणजे ज्याचे सिलिंडर मधल्या दांड्याभोवती पाकळ्यांसारखे लावलेले असतात, ते हळू चालताना कधी एका लयीत चालतच नाही. भरल्या पोटी कुणी जिना चढावा तसं थांबत, धापा टाकत, मध्येच दोन पायऱ्या गाळत. नवख्याला वाटतं, बिघडलंय. बिघडलेलं नसतं, त्याचा स्वभावच तो.

आमचा ठेंगू असा गोल इंजिनाचा. ठेंगू म्हणजे बुटकं, जाड नाकाचं एका माणसाचं लढाऊ विमान. कानसेनांनी ते भंगारातून आणलं तेव्हा त्याच्या शेपटीत पाखरांनी संसार थाटला होता. ते उभं करायला आम्हाला वर्षं लागली. आणि त्या सगळ्या वर्षांत शेडमध्ये एक टेप वाजत असायची.

टेप मावशींची. मावशी म्हणजे कुणाच्याच मावशी नव्हेत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, एकट्या राहतात, आणि कानसेनांनी जुन्या आवाजांसाठी आवाहन केलं तेव्हा फडक्यात गुंडाळलेलं स्पूल घेऊन आल्या. "आमच्या दादाच्या विमानाचा आवाज आहे," म्हणाल्या, "जपून वापरा." ठेंगूच्याच जातीचं विमान. दादा पुढे विमानातच गेला एवढं आम्हाला कळलं होतं. त्यापुढे कुणी विचारलं नाही. अशा गोष्टी खोदून विचारायला कुणाची जीभ रेटत नाही.

टेपवर आधी लांबून गुरगुर येते. मग वाढते, छतावर आल्यासारखी होते, मग वैमानिक इंजिन एकदम कमी करतो आणि त्या धापांच्या मधून एक शीळ येते. बारीक, स्वच्छ, चढत जाणारी. मग इंजिन पुन्हा वाढतं आणि विमान निघून जातं. एवढंच. पण कानसेन त्या शिळेवर जीव टाकून बसले होते. "ही त्याची सही आहे, सही!" असं म्हणून ते ती पुन्हा पुन्हा लावत. ठेंगू पुन्हा उडेल तर शीळ घालतच उडेल, असं त्यांनी या ऐकायला येणाऱ्या सगळ्या कानवाल्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि ठेंगू काही शीळ घालेना. इंजिन चाललं, छान चाललं, धापा अगदी टेपसारख्या टाकल्या; पण शीळ नाही. डॉक्टर लहान मुलासारखे हिरमुसले. मग सुरू झालं सगळं मूळचं तसं करणं. पंखांच्या कडेला बंदुकांची भोकं असतात, ती आम्ही पत्र्याने बंद केली होती, ती उघडली. नाकावरचं नवं कडं काढून जुनं, वाकडंतिकडं कडं बसवलं. आणि त्याच आठवड्यात डॉक्टर रबरी रिंगांचा एक डबा घेऊन आले. गोल इंजिनाच्या पोटातून प्रत्येक सिलिंडरकडे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण नेणारा एकेक पाइप जातो, त्या पाइपाच्या मुळाशी या रिंगा बसतात. डबा ठेंगू जन्मला तेव्हाचा, न उघडलेला, मेणकागदात गुंडाळलेला.

"रबर आहे ते, डॉक्टर," मी म्हटलं, "दारू नव्हे, जुनी झाली की चढायला."

"अगं, मऊ आहेत बघ. काल केल्यासारख्या." त्यांनी एक रिंग माझ्या बोटात घातली.

होत्या मऊ. तपासनिसाने ताणून बघितल्या, वाकवून बघितल्या, चालतील म्हणाला. मी नाक मुरडलं, पण बसवल्या.

आणि गुरुवारी इंजिन लावलं तर शीळ आली.

कानसेन खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. माझा नवरा, आमचा वैमानिक, कॉकपिटमध्ये होता, त्याला काही कळेना. आम्ही खाली नाचतोय काय, टाळ्या काय वाजवतोय, मिठ्या काय मारतोय. इंजिन बंद केल्यावर त्याला सांगितलं तर तोही हसायला लागला. ती भोकांमुळेच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पंख्याचा वारा भोकांवरून जातो, बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की वाजते तसं वाजतं. डॉक्टरांनी पत्रकं छापायला टाकली.

मीही नाचले होते, नाही असं नाही. पण रात्री जेवताना पोळी ताटातच ठेवून मी विचार करत बसले. शीळ आली कुठून? भोकांतून, म्हणे. असेल. पण एकदम तीन गोष्टी बदलल्यावर चौथी आली, तर ती तिघांपैकी कुणाची, हे कुणी तपासलं का? मेकॅनिकला अशी गोष्ट चपलेतल्या खड्यासारखी टोचते. शुक्रवारी मी शीळ नाचवत हिंडणाऱ्या डॉक्टरांना म्हटलं, भोकं चिंध्यांनी बंद करू आणि एकदा चालवून बघू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बाळाच्या तोंडात बोळा घालू म्हणाले. शनिवारी मी स्वतः बॅटरी घेऊन इंजिनाच्या पोटाखाली शिरले, एकेक पाइप, एकेक नट. सगळं कोरडं, सगळं घट्ट. काटे बरोबर, तेलाचा दाब बरोबर. मग मला कशाने चैन पडत नव्हतं? ते सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही म्हणून आणखी चिडचिड होत होती.

रविवारी सकाळी दूध उतू गेलं. मी गॅससमोरच उभी होते, तरी गेलं.

"कालपासून पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी फेऱ्या मारतेयस," नवरा म्हणाला. तो बूट पुसत होता. उडण्याच्या दिवशी तो बूट पुसतो, एरवी वर्षभर बुटांकडे ढुंकून बघत नाही.

"एकदा भोकं बंद करून चालवूया ना."

"आज? लोक येऊन बसतील आता."

"बसू देत. पाठ करूनच बसणार आहेत, त्यांना काय दिसतंय?"

तो हसला. "काटे काय म्हणतात?"

"काटे ठीक आहेत."

"इंजिन कुणी बांधलंय?"

"मी."

"मग झालं तर. तुझ्या इंजिनावर आणि तुझ्या हातच्या जेवणावर माझा सारखाच विश्वास. दोन्हींतून आजवर जिवंत आहे."

मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. त्या विमानात एकच सीट आहे आणि तिच्यावर हा माणूस बसणार होता, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, कारण सांग. कारण माझ्याकडे नव्हतं. कारणाशिवाय बायको जाऊ नको म्हणते म्हणून विमानं थांबायला लागली तर धावपट्ट्यांवर गवत उगवेल, असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि निघाला.

मैदानावर पोचले तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. कानवाले आपापली यंत्रं, आपापले मायक्रोफोन घेऊन पाठमोरे बसले होते. पहिल्या रांगेत मधोमध मावशी. फिक्या रंगाची साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"तू यांच्यापाशी बस," डॉक्टर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "त्यांना भरून आलं तर जवळ कोणीतरी बाईमाणूस असलेलं बरं."

"मला विमानापाशी असायला हवं."

"तिथे दोन जण आहेत. तू सकाळपासून त्यांना नुसती हैराण करतेयस, असा निरोप आलाय मला."

निरोप कुणी पाठवला असेल ते कळायला ज्योतिषी लागत नव्हता. मी बसले. पाठ धावपट्टीकडे, तोंड कुंपणाकडे. आयुष्यात इतकी अवघडून कधी बसले नव्हते. पाय आपोआप हलत होते, शेजारच्या माणसाने दोनदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

आधी टरटऱ्या उडाला. सगळ्यांनी ओळखला, घंटा झाली, टाळ्या झाल्या. मग बॉम्बफेक्या निव्वळ जमिनीवर चालवून दाखवला. त्यावरून मागच्या रांगेत दोघांची जुंपली, डावं इंजिन पुढे की उजवं. मला कुणाचंही तोंड ऐकवत नव्हतं.

मग ठेंगू.

आधी पंखा फिरल्याची कुरकुर, एक शिंक, दुसरी शिंक, आणि मग एकेक सिलिंडर जागं होत गेलं. तो जिना चढायला लागला. मी पाठ करूनही सगळं बघत होते. आता गरम होतंय. आता तो काट्यांकडे बघतोय. आता पूर्ण ताकदीची चाचणी, आणि मागून असा गडगडाट आला की खुर्च्यांचे पाय थरथरले. मग त्याने इंजिन कमी केलं.

आणि शीळ आली. टेपवर होती तशीच, बारीक आणि चढती. सगळ्या रांगांतून एकदम श्वास घेतल्याचा आवाज झाला. मावशींनी माझं मनगट धरलं.

"आली गं," त्या म्हणाल्या. "अगदी तशीच. दादाचीच शीळ."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा शाळकरी मुलीसारखा झाला होता. क्षणभर मला माझी स्वतःचीच लाज वाटली. या बाईला आज हे मिळतंय आणि मी इथे खुसपटं काढत बसलेय. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी बोलले.

"रोज घालत असतील ना, घरावरून जाताना?"

"छे गं. विमानातून एकदाच." त्यांनी पदराने डोळे टिपले. "लहान होतो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आला की घालायचा, मग मी दार उघडायची. पण विमान घेऊन किती वेळा गेला घरावरून, कधी नाही घातली. नुसतं ते आपलं धडधड करत जायचं. मी शाळेत होते तेव्हा. त्या दिवशी मात्र मला म्हणाला होता, गच्चीवर टेप लावून ठेव. बरोबर डोक्यावर आला, इंजिन कमी केलं आणि घातली. मला वाटलं, बघ, माझ्यासाठी खास शिकून आला."

"कुठल्या दिवशी?"

"टेपच्या दिवशी."

"म्हणजे कधी, मावशी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फार जोरात विचारलं असणार.

"शेवटच्या," त्या म्हणाल्या. "शीळ घातली, पुन्हा इंजिन वाढवलं आणि गेला. मी टेप बंद करून खाली आईला सांगायला धावले, दादाने शीळ घातली म्हणून. आई बाहेर आली तर झाडांच्या वर धूर. इंजिनाने पेट घेतला म्हणाले."

बंदुकांची भोकं त्या विमानाला रोजच होती.

एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात आलं. रोज भोकं, रोज वारा, रोज तेच घर, आणि शीळ एकाच दिवशी. शीळ भोकांची नव्हती. मग तीन गोष्टींतल्या दोन उरल्या, आणि नाकावरचं कडंही रोजचंच. उरल्या रिंगा. भोकं आणि कडं रोज तशीच राहतात, रबर मात्र एखाद्या दिवशी दगा देतं. मी अशी उठले की खुर्ची पडली.

"वळू नका मंडळी, वळू नका!" डॉक्टर भोंग्यावरून ओरडले.

मी वळले आणि पळत सुटले.

ठेंगू निघाला होता. शेपटी जमिनीला टेकवून चालणाऱ्या विमानाचं नाक इतकं वर असतं की आतल्याला समोरचं काही दिसत नाही. म्हणून वैमानिक नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करत नागमोडी जातो आणि बाजूने वाकून पुढची वाट बघतो. मी डावीकडून पळत होते. नाक उजवीकडे गेलं तेव्हा मी त्याला दिसले. मी दोन्ही हात हलवले. त्यानेही हात हलवला. शुभेच्छा द्यायला आलेय असं वाटलं त्या शहाण्याला! मी आयुष्यात त्याला जितक्या शिव्या दिल्या नसतील तितक्या त्या गवतात पळताना दिल्या. एकही त्याला ऐकू गेली नाही.

धावपट्टीच्या तोंडाशी तो वळणार, सरळ होणार आणि मग पूर्ण ताकद देणार. मी गवत सोडून आडवी गेले आणि वळणाच्या आतल्या बाजूला उभी राहिले, पंख्यापासून दूर पण पंखाच्या वाटेत, म्हणजे वळायचं तर मला आडवं करूनच वळावं लागेल. हात गळ्यावरून आडवा फिरवला. बंद कर. पुन्हा फिरवला. बंद कर.

विमान थांबलं. इंजिन चालूच होतं, शीळ चालूच होती. काचेमागे त्याचा चेहरा दिसत होता, तोंड उघडझाप करत होतं. मी हलले नाही. शेवटी पंखा अडखळला, दोन गचके खाल्ले आणि थांबला. मग इतकं शांत झालं की लांबून डॉक्टरांचा भोंगा स्पष्ट ऐकू आला, "तांत्रिक कारणामुळे, मंडळी, किंचित..."

नवरा पंखावर उभा राहून ओरडायला लागला.

"वेड लागलंय का तुला? सगळ्या लोकांसमोर! पंख्यापुढे येतं का कोणी? मेली असतीस!"

मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं. आतून अंगावर वाफ आल्यासारखी गरमी आली. हात आत घातला, चटका बसला, काढला, पुन्हा घातला. खालच्या दोन सिलिंडरांच्या मध्ये, पाइपाच्या मुळाशी, काल कोरडं होतं तिथे ओलं होतं. आमच्या पेट्रोलला निळा रंग असतो. निळा ओघळ नटावरून निघून वाकडा वाहत गेला होता, आणि जिथे संपला होता तिथून बोटभर अंतरावर एक्झॉस्टचा पाइप होता, अजून टिकटिकत निवणारा.

"खाली ये," मी म्हटलं. "बघ."

तो उतरला, वाकला आणि त्याने बघितलं. मग माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या टोकाने त्याने रिंगेची बाहेर आलेली कड टोकरली. बसवण्याआधी बोटात वेटोळं होणारं रबर दोन-तीन वेळा तापून वाळक्या सालीसारखं झालं होतं. त्याचा तुकडा पडला.

"इंजिन कमी असताना इथून हवा आत ओढली जाते, ती शीळ," मी म्हटलं. "वाढवलंस की इथूनच मिश्रण बाहेर. तू आत्ता चाचणी घेतलीस तेवढ्यात एवढं आलंय. उडताना..."

तो पुन्हा ओरडायला लागला, आधीपेक्षा मोठ्याने. सकाळी नीट का नाही सांगितलंस, बाजूने का नाही आलीस, तुला काही झालं असतं म्हणजे. ओरडत होता आणि एका हाताने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले. मी त्याला ओरडू दिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं गं?"

मावशी होत्या. गवतातून एकट्या चालत आल्या होत्या, मागे डॉक्टर धापा टाकत, घंटा अजून हातात. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू माझ्या बोलण्यावरून उठलीस," त्या म्हणाल्या. "मी काय बोलले असं?"

काहीतरी थातूरमातूर सांगता आलं असतं. नट ढिला होता, काळजी करू नका. पण जन्मभर दुसऱ्यांचे आवाज ऐकत खुर्चीवर बसलेली बाई ती, आणि मला खोटं बोलता येत नाही, आवाज चिरकतो. मी त्यांना पाइप दाखवला. रिंग दाखवली. हवा कशी आत जाते आणि शीळ कशी वाजते ते सांगितलं. पेट्रोल बाहेर कुठे येतं तेही सांगितलं. एकेक शब्द नको नको वाटत होता.

त्यांनी निळ्या ओघळाजवळ बोट नेलं, लावलं नाही.

"म्हणजे दादाने नव्हती घातली."

"नाही, मावशी."

डॉक्टरांनी घंटा खाली गवतात ठेवली. ती वाजू नये म्हणून आत बोट घालून ठेवली, आणि मग त्यांना कुठे बघावं ते कळेना.

मावशी माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "तू आत होतास ना रे? आत बसलेल्याला ऐकू येते का ती?"

तो टोपी काढत होता, थांबला. मला वाटलं, बाबा रे, या वेळी तरी विचार करून बोल. पण काय बोललेलं बरं, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

"नाही," तो म्हणाला. "आत नुसता गडगडाट असतो. मला आजही नाही आली, गुरुवारीही नाही."

"मग बरं," मावशी म्हणाल्या. "घाबरला नसेल." त्यांनी मान हलवली, दोनदा, कुणीतरी चांगली बातमी दिल्यासारखी. मग त्यांची मान थांबली.

"म्हणजे ऐकली ती मी एकटीनेच," त्या म्हणाल्या.

मला रडू यायला लागलं आणि रागही, आणि राग कुणाचा ते कळेना. रबराचा, डॉक्टरांचा, नाचले त्या माझा.

"तुम्ही शाळेत होतात, मावशी," मी कशीबशी म्हणाले. "तुम्हाला काय कळणार होतं? आम्हाला गुरुवारी कळलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या."

"हो," त्या म्हणाल्या. "मीही वाजवल्या होत्या."

त्यांनी माझा भाजलेला हात हातात घेतला आणि बोटं उलटी करून बघितली. लांब खुर्च्यांवर माणसं अजून पाठ करूनच बसली होती. घंटा झाली नव्हती ना.

"हा मघाशी ओरडत होता ना तुझ्यावर?" त्यांनी हळूच विचारलं. "पार तिकडे ऐकू येत होतं."

"हो," मी म्हटलं. "आता घरी गेल्यावरही ओरडेल. आठवडाभर पुरवेल."

"ओरडू दे गं," मावशी म्हणाल्या. "ओरडायला आहे ना."